घट्ट खडकातलं तेल आणि वर्षाला तीन मीटर सरकणारं पाणी

दोन विहिरी आहेत, मध्ये ३०० मीटर अंतर. एकीतून खोल खडकात पाणी दाबायचं, त्या पाण्याने तेल पुढे रेटायचं आणि ते दुसऱ्या विहिरीतून वर काढायचं, असा बेत. तेलक्षेत्रात याला वॉटरफ्लडिंग म्हणतात. दोन्ही विहिरींच्या तळाशी १०० बारचा फरक ठेवला आहे. एक बार म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा साधारण एकपट दाब, तेव्हा जोर चांगलाच लावलेला आहे. खडक चांगला, मोकळा वालुकाश्म असेल तर पाण्याची आघाडी हे अंतर महिना-सव्वा महिन्यात कापेल. टाइट ऑइलच्या, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या पण अगदी बारीक वाटांच्या घट्ट खडकात, तीच आघाडी वर्षाला जेमतेम तीन मीटर सरकते. म्हणजे ३०० मीटरला शंभरेक वर्षं.

हिशेब ढोबळ आहे, प्रवाह सरळ रेषेत धरलेला आहे, पण आकड्यांचा अंदाज खरा आहे. नागपुरात भूशास्त्र शिकणाऱ्या मुलांपुढे तो मांडला की कुणीतरी लगेच विचारतं, ‘मग सर, पाणी सोडतातच कशाला?’ प्रश्न अगदी रास्त आहे. टाइट खडकातल्या प्रवाहाचं मॉडेल कसं करायचं आणि ते कुठे फसतं, हे सगळं या एका प्रश्नाच्या उत्तरात येतं.

नागपूरच्या आसपास तेल नाही. पण खडक समजून घ्यायला याहून सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला ‘नाइस’ नावाचा अतिप्राचीन पट्टेदार खडक, उत्तरेला कामठीच्या बाजूला गोंडवना काळातला वालुकाश्म, ज्याला भूशास्त्रात नावच ‘कामठी’ आहे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आणि खनिजांचा शोध घेणारी सरकारी कंपनी एमईसीएल यांची मुख्यालयं इथे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय इथे. घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली कुणीतरी खडकांवर पोट असणारा भेटतोच.

कामठीचा तांबूस, खरखरीत वालुकाश्म बऱ्याच जणांनी हातात घेतलेला असतो. त्याचा कोरडा तुकडा घ्या आणि ड्रॉपरने वर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब बघता बघता आत जिरतो आणि भोवती ओला डाग पसरतो. आता काळ्या, भरीव बेसॉल्टचा तुकडा घ्या आणि त्याच्या नुकत्याच फुटलेल्या बाजूवर तसाच थेंब ठेवा. तो फुगीर राहतो, हलत नाही, आणि मे महिन्यात तर खडकात शिरण्याआधी हवेतच उडून जातो. टाइट ऑइलचा खडक या दोघांच्या मधला आहे. त्याच्यात जागा आहे, पण त्या जागांना जोडणाऱ्या वाटा इतक्या बारीक की थेंबाला आत जायला फार वेळ लागतो.

जागा किती आहे याला सच्छिद्रता म्हणतात आणि वाटा किती मोकळ्या आहेत याला पार्यता. तेलवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात पोरॉसिटी आणि पर्मिएबिलिटी. या दोन्हींची गल्लत करू नये, कारण सगळा खेळ दुसरीचा आहे. राजस्थानात बाडमेर खोऱ्यातल्या ‘बाडमेर हिल’ नावाच्या थरात सच्छिद्रता चांगली आहे, तेलही आहे, तरी पार्यता अगदी कमी असल्यामुळे खडक फोडल्याशिवाय ते नीट वाहत नाही. पार्यतेचं एकक ऑन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याच्या नावाचं आहे. त्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून मोजमापं केली आणि १८५६ साली नियम मांडला: प्रवाहाचा वेग दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो. चांगल्या तेलखडकाची पार्यता दहा, शंभर, कधी हजार मिलिडार्सी असते. ढोबळमानाने ०.१ मिलिडार्सीच्या खाली गेलो की खडक टाइट समजतात. वाटांची रुंदी तिथे मायक्रोमीटरच्या अंशांत असते. इतक्या कमी पार्यतेचा नमुना प्रयोगशाळेत मोजणंसुद्धा कटकटीचं असतं. दीड इंच व्यासाच्या दंडगोल दगडी तुकड्यातून द्रव स्थिर वाहू लागेपर्यंत फार थांबावं लागतं, म्हणून एका टोकाला दाबाचा छोटा धक्का देतात आणि तो दुसऱ्या टोकाला कसा विरत जातो यावरून पार्यता काढतात.

आता मॉडेलकडे. मूळ कल्पनेत काही गूढ नाही. जमिनीखालच्या खडकाचे संगणकात हजारो, कधी लाखो चौकोनी ठोकळे करायचे. प्रत्येक ठोकळ्यात किती तेल, किती पाणी आणि किती दाब आहे हे लिहायचं. शेजारच्या ठोकळ्यांतून आत काय आलं, बाहेर काय गेलं आणि आतला साठा किती बदलला, हा जमाखर्च प्रत्येक ठोकळ्यासाठी तेल आणि पाणी यांचा वेगवेगळा जुळला पाहिजे. कोणत्या ठोकळ्याकडून कोणत्या ठोकळ्याकडे किती वाहणार, हे दार्सीचा नियम सांगतो. ठोकळ्यातली रिकामी जागा तेल आणि पाण्याने मिळून पूर्ण भरलेली असते, हीही एक अट. सगळ्या ठोकळ्यांची समीकरणं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती एकदम सोडवावी लागतात. संगणक एक अंदाज धरतो, चूक किती राहिली ते बघतो, अंदाज सुधारतो, चूक नगण्य झाली की काळ काही दिवसांनी पुढे नेतो आणि पुन्हा तेच.

यात एक खाच आहे. खडकात तेल आणि पाणी दोन्ही असले की ते एकमेकांची वाट अडवतात. एकट्या तेलाला मिळाली असती तितकी पार्यता दोघांच्या वाट्याची बेरीज करूनही मिळत नाही. पाण्याचं प्रमाण वाढत जाईल तसतसा कुणाचा वाटा किती, याच्या वक्ररेषा प्रयोगशाळेतून काढून मॉडेलला द्याव्या लागतात. या रेषा धरून बकली आणि लेव्हरेट या दोघांनी १९४२ साली पाण्याची आघाडी कशी सरकते हे कागदावर सोडवून दाखवलं. त्यांच्या उत्तरात आघाडी जवळपास भिंतीसारखी उभी चालते: मागे पाणी, पुढे तेल. मोकळ्या खडकात हे चित्र आजही चांगलं लागू पडतं आणि कुठल्याही अभ्यासक्रमात सुरुवात तिथूनच होते. पण ते मांडताना त्यांनी एक बल बाजूला ठेवलं होतं, आणि टाइट खडकात नेमकं तेच बल सगळ्यात मोठं ठरतं. त्याकडे येतोच.

त्याआधी दाबाबद्दल. पाणी पोचायला वेळ लागतो हे समजतं, पण दाब पोचायलाही वेळ लागतो याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. एका विहिरीत दाब वाढवला तर १०० मीटरवरच्या खडकाला ते कळायला किती वेळ? सच्छिद्रता ८ टक्के, तेलाची चिकटाई पाण्याच्या दुप्पट आणि खडक-द्रवाची दबण्याची क्षमता नेहमीसारखी धरली, तर १०० मिलिडार्सीच्या खडकात पावणेदोन तास. ०.१ मिलिडार्सीत दोन महिन्यांहून अधिक. आणि ०.००१ मिलिडार्सीत सुमारे १९ वर्षं. खडक तोच, द्रव तेच, फक्त वाटांची बारीकी बदलली. म्हणून टाइट खडकातली विहीर सुरुवातीला जोमात वाहते आणि मग तिचं उत्पादन झपाट्याने उतरतं: विहिरीजवळचा दाब संपतो आणि लांबून मदत वेळेवर येत नाही. स्वतःच्या दाबावर अशा खडकातून बहुधा १० टक्क्यांच्या आतच तेल निघतं. उरलेलं तिथेच बसून असतं, आणि त्याच्यासाठी पाण्याची खटपट चालते.

इतक्या कमी वेगाला दार्सीचा नियम टिकतो का, हाही वादाचा मुद्दा आहे. काही संशोधकांच्या मते दाबाचा उतार एका मर्यादेच्या वर गेल्याशिवाय द्रव हलतच नाही, कारण बारीक वाटेच्या भिंतीला चिकटलेला द्रवाचा थर वाटेचा मोठा भाग खाऊन टाकतो. दुसरे म्हणतात, हा मोजणीतला दोष आहे, पुरेसा वेळ थांबलात तर प्रवाह दिसेल. मॉडेलमध्ये ही किमान मर्यादा घालायची की नाही यावर उत्तर खूप बदलतं: घातली तर विहिरींपासून दूरचा मोठा भाग कायमचा निश्चल दिसतो. माझ्या मते ती डोळे झाकून घालू नये. त्याच खडकाच्या नमुन्यावर मोजलेली असेल तरच घालावी.

आता त्या बाजूला राहिलेल्या बलाकडे. कामठीच्या दगडाने थेंब आत ओढला तेव्हा आपण दाब दिला नव्हता. दगडाला पाण्याची ओढ होती. तेल आणि पाणी यांच्यामध्ये ताणलेला पडदा असतो, वाट जितकी बारीक तितका तो पडदा जास्त वाकतो, आणि जितका जास्त वाकतो तितका जोराने पाण्याला आत खेचतो. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या वाटेत ही ओढ एका बारच्या विसाव्या भागाइतकी, म्हणजे नगण्य. ०.१ मायक्रोमीटरच्या वाटेत ती सुमारे ५ बार होते.

पाच बार ऐकून कुणी म्हणेल, आपण तर विहिरीत १०० बार लावतो. इथेच हिशेब अंतराने करायला हवा. १०० बारचा जोर ३०० मीटरवर पसरलेला आहे, म्हणजे एका मीटरला एक तृतीयांश बार. ओढीचे ५ बार ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर, समजा १० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, लागतात. म्हणजे मीटरला ५० बार. त्या पट्ट्यापुरती खडकाची स्वतःची ओढ आपल्या पंपाच्या रेट्याच्या दीडशे पट आहे. हा आकडा मी मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मुलांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. टाइट खडकात पाणी तेलाला लांबवर ढकलत नाही. ते खडकात शोषलं जातं आणि जाताना तितकंच तेल बाहेर काढून देतं. पंपाचं काम फक्त पाणी खडकाच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं.

ही ओढ जोरदार असली तरी सावकाश असते. बारीक वाट जास्त खेचते खरी, पण तीच वाट जास्त अडवतेही, आणि अडवणं खेचण्यापेक्षा वरचढ ठरतं. शिवाय पाणी जितकं आत जाईल तितकी पुढची वाटचाल लांबते. दुप्पट आत जायला चौपट वेळ. पहिले ५ सेंटिमीटर एका दिवसात भिजले असं धरू. मग ५० सेंटिमीटरला १०० दिवस लागतील आणि ५ मीटरला १०,००० दिवस, म्हणजे २७ वर्षं. शोषण्याचा उपयोग जवळच्या अंतरावरच. त्यामुळे पाणी खडकाच्या जास्तीत जास्त पृष्ठभागाला भिडलं पाहिजे, आणि तो पृष्ठभाग देतात भेगा.

टाइट खडकात आडवी विहीर खणून पाण्याच्या प्रचंड दाबाने खडक फोडतात, त्या भेगा. शिवाय निसर्गाने आधीच दिलेल्या. भेगेची ताकद समजायला एकच आकडा पुरे आहे. एक दशांश मिलिमीटर रुंदीच्या, गुळगुळीत भिंतींच्या भेगेची पार्यता ०.१ मिलिडार्सीच्या खडकापेक्षा सुमारे ८४ लाख पट असते. आणि रुंदी दुप्पट झाली तर भेगेतून वाहणारं पाणी आठपट. म्हणून भेगा एकाच वेळी वरदान आणि संकट आहेत. त्या पाण्याला खडकाच्या पोटात नेतात, पण त्याच भेगा एका विहिरीपासून दुसरीपर्यंत सलग जोडल्या गेल्या तर पाणी खडकाकडे ढुंकूनही न बघता सरळ पलीकडे निघतं. मार्चमध्ये आपण कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतो, तेव्हा हेच दिसतं. वरून पाणी सोडलं की ते ताटीभर पसरत नाही. दोन-चार ठिकाणी त्याच्या धारा पडतात आणि मधले पट्टे कोरडेच राहतात. पंपाचा जोर वाढवला तर त्या धाराच मोठ्या होतात, कोरडे पट्टे कोरडेच. मग आपण काय करतो? पंप थोडा वेळ बंद करतो, वाळ्याला ओल पसरवू देतो, पुन्हा चालू करतो. टाइट तेलखडकातल्या पाण्याच्या योजनाही शेवटी याच वळणावर आल्या आहेत.

आता अशा भेगा ठोकळ्यांच्या मॉडेलमध्ये कशा बसवायच्या? ठोकळा दहा-वीस मीटरचा आणि भेग मिलिमीटरच्या अंशाची. एक जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे प्रत्येक जागी दोन खडक कल्पायचे: एक भेगांचा, जो वाहतो पण साठवत नाही, आणि एक भरीव, जो साठवतो पण वाहत नाही. दोघांमध्ये देवाणघेवाण किती होईल याचं वेगळं सूत्र. बॅरनब्लाट आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये आणि वॉरन व रूट यांनी १९६३ मध्ये ही मांडणी केली. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतल्या बोअरवेलनाही ती लागू पडते. भेगाळलेल्या बेसॉल्टमधली बोअर पहिल्या तासात जोरात पाणी देते, कारण भेगा रिकाम्या होत असतात, नंतर बाजूच्या झिजलेल्या, जाळीदार खडकातून झिरपेल तितकंच मिळतं. शेतकऱ्याला हे सूत्राशिवाय ठाऊक असतं, म्हणून तो बोअर काही वेळ बंद ठेवून पुन्हा चालवतो.

टाइट खडकात या मांडणीची एक अडचण मोठी होते. देवाणघेवाणीचं जुनं सूत्र असं धरून चालतं की भरीव ठोकळ्याच्या, म्हणजे दोन भेगांमधल्या खडकाच्या तुकड्याच्या, आत सगळीकडे परिस्थिती लवकर एकसारख्या घडीला येते. मोकळ्या खडकात ती येते. टाइट खडकात ठोकळ्याची कड भिजलेली आणि मधला भाग वर्षानुवर्षं अस्पर्श, अशी अवस्था असते. जुनं सूत्र वापरलं तर सुरुवातीचं शोषण कमी दिसतं आणि पाण्याचा उपयोग नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून भरीव भागाचे एकात एक असे पातळ थर पाडतात, भेगेजवळचे अगदी पातळ आणि आत जाडसर, आणि प्रत्येक थराचा हिशेब वेगळा ठेवतात. मोठ्या, ओळखीच्या भेगा असतील तर त्या सरासरीत न घालता स्वतंत्र पृष्ठभाग म्हणून जिथल्या तिथे बसवतात. संगणकाचा वेळ वाढतो, पण माझ्या मते तो वेळ द्यावाच.

आणखी एक गोष्ट मॉडेलला वेळेवर सांगावी लागते: भेगा स्थिर नसतात. दाब उतरला की वरच्या खडकाच्या ओझ्याने त्या मिटतात, पाण्याचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की उघडतात, आणि कधी वाढत जातात. चीनमधल्या ऑर्डोस खोऱ्यात टाइट थरांत मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं जातं. तिथे पाणी सोडणाऱ्या विहिरीपासून जमिनीतल्या सर्वांत मोठ्या आडव्या दाबाच्या दिशेने भेगा उघडत गेल्याचं आणि त्या रेषेवरच्या विहिरींत पाणी धावून आल्याचं अनेकदा आढळलं आहे. कडेच्या विहिरींना मात्र पाण्याचा स्पर्शही नाही. पार्यता कायमची एक आकडा धरलेलं मॉडेल हे कधीच दाखवू शकत नाही. आठपटीचा नियम आठवला तर किती फरक पडतो ते लक्षात येईल.

मॉडेल बरोबर आहे हे तपासायचं कसं? विहिरींनी आजवर दिलेलं तेल, पाणी आणि दाब मॉडेलमधून जुळतात का ते बघतात. जुळत नसतील तर पार्यता, भेगांची लांबी, वक्ररेषा बदलतात. या जुळवणीवर फार विसंबू नये. भेग लांब आणि ओढ कमी, किंवा भेग आखूड आणि ओढ जास्त, दोन्हींतून तेच उत्पादन येऊ शकतं, पण पुढच्या दहा वर्षांचं भाकीत एकदम वेगळं. निवड करायला बाहेरचा पुरावा लागतो. पाण्यात खुणेचं रसायन मिसळून ते कोणत्या विहिरीत किती दिवसांनी येतं हे बघणं, हा एक चांगला पुरावा. खडकाची ओढ खरंच पाण्याकडे आहे का, हे प्रयोगशाळेत तपासणं हा दुसरा आणि त्याहून महत्त्वाचा. कारण स्वच्छ वाळूला पाणी आवडतं, पण लाखो वर्षं तेलाच्या सहवासात राहिलेल्या वाटांच्या भिंतींना तेलाची सवय लागते. तसं झालं असेल तर वरचा सगळा हिशेब उलटा होतो: तेच ५ बार पाण्याला आत खेचण्याऐवजी बाहेर ठेवतात. मग पाण्यात साबणासारखं रसायन घालून भिंतींचा स्वभाव बदलावा लागतो, नाहीतर पाण्याचा नाद सोडावा लागतो.

ओढ पाण्याकडे असेल, तर योजना अशी ठरते: पाणी सोडायचं, विहीर बंद ठेवून खडकाला शोषू द्यायचं, मग तेल काढायचं, आणि पुन्हा पाणी. काही ठिकाणी तीच विहीर दोन्ही कामं करते. मॉडेलकडून मुख्यतः एकच गोष्ट हवी असते: बंद किती दिवस ठेवायची. आधीचाच वेग धरून बघू. भेगा ३० सेंटिमीटर अंतरावर असतील तर ठोकळा दोन्ही बाजूंनी भिजतो, प्रत्येकीकडून १५ सेंटिमीटर, आणि ते काम ९ दिवसांत होतं. भेगा १० मीटर अंतरावर असतील तर १०० दिवस थांबूनही दोन्ही बाजूंचे मिळून एक मीटर, म्हणजे ठोकळ्याचा दहावा भाग भिजतो. पहिल्या खडकात पाण्याच्या फेऱ्या करत राहणं परवडेल, दुसऱ्यात पाणी सोडण्याआधी खडक पुन्हा कमी कमी अंतरावर फोडावा लागेल. भेगांमधलं अंतर ३० सेंटिमीटर आहे की १० मीटर, हे संगणकाला माहीत नसतं. ते खोलातून वर आणलेल्या दगडी गाभ्यावर आणि विहिरीच्या भिंतीच्या चित्रांत कुणीतरी मोजून काढावं लागतं.